हसू

हसू हे मराठीतील नपुंसकलिंगी नाम असून ते ‘हसणे’ या क्रियापदाशी निगडित आहे. आनंद, ओळख, संकोच, कौतुक किंवा उपहास यांमुळे ओठ, गाल व डोळे यांवर उमटणारा भाव असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी, हिंदी, गुजराती या भाषांत आवाज न करता हसणे आणि आवाज करून हसणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे रूढ आहेत. बोली मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘हसणे’ हे एकच क्रियापद वापरले जाते. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘स्मित’ हा शब्द केवळ पहिला अर्थ दाखवतो. परंतु तो प्रामुख्याने लेखनात राहिला, घरच्या बोलण्यात रुळला नाही. परिणामी हसणारा माणूस स्नेहाने हसला, मोठ्याने हसला की टवाळीने हसला, हे मराठीत क्रियापदावरून कळत नाही. ते विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि क्रियाविशेषणे यांवरून ठरते.

व्युत्पत्ती

‘हसणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘हस्’ हा पहिल्या गणाचा परस्मैपदी धातू होय. संस्कृत ‘हसति’, प्राकृत ‘हसइ’ आणि मराठी ‘हसे’, ‘हसतो’ असा त्याचा प्रवास आहे. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात क्रियापदांची रूपे दाखवताना हा धातू वारंवार उदाहरणादाखल घेतला आहे, त्यामुळे त्याची प्राकृत रूपे आपल्याला तपशिलाने माहीत आहेत. मराठीच्या अभ्यासकाला त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाची वाटतात.

पहिले रूप ‘हसिऊण’. ‘हसून’ या अर्थाचे हे धातुसाधित महाराष्ट्री प्राकृतात चालत असे. त्यातील ‘-ऊण’ हा प्रत्यय मराठीत ‘-ऊन’ या रूपाने आजही जिवंत आहे. ‘हसून’, ‘करून’, ‘जाऊन’ ही रूपे आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. मराठीचे महाराष्ट्री प्राकृताशी असलेले नाते दाखवताना या प्रत्ययाचा दाखला नेहमी दिला जातो. जुन्या मराठीत याच रूपाला ‘हांसोनि’, ‘हांसोनियां’ अशी वळणे होती.

दुसरे रूप ‘हसिउं’. संस्कृत तुमन्त ‘हसितुम्’ याचे हे प्राकृत रूप. मराठीतील ‘हसू लागला’, ‘हसू नये’, ‘हसू द्या’ या प्रयोगांतील ‘हसू’ हे त्याचेच वंशज होय. ‘मला हसू आले’ यातील नाम दिसायला अगदी तसेच आहे आणि जुन्या लेखनात दोन्ही अनुस्वार देऊन ‘हसूं’ असेच लिहीत. ‘रडणे’ व ‘रडू’ ही जोडीही याच घडणीची आहे. हसू आणि रडू ही दोन्ही मराठीत ‘येतात’ किंवा ‘फुटतात’. ती सहसा कोणी ‘करत’ नाही. माणूस त्यांचा कर्ता नसून ती त्याच्यावर ओढवतात, असे ही वाक्यरचना सुचवते.

लेखन

मूळ धातूत अनुनासिक नाही. तरीही अनेक आधुनिक भारतीय भाषांत ‘ह’च्या पुढील स्वर नाकातून उच्चारला जाऊ लागला. हिंदीत ‘हँसना’, कोकणीत ‘हांसप’ अशी रूपे आहेत. जुन्या मराठी छपाईतही ‘हंसणें’, ‘हांसणें’, ‘हासणें’ अशी विविध रूपे आढळतात. प्रमाण मराठीत हा नासिक्य उच्चार लोपल्यावर अनुस्वार केवळ डोळ्यांपुरता उरला. 1962 साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘हसणे’, ‘हसू’ ही रूपे रूढ झाली. त्यामुळे हंस पक्ष्याच्या नावाशी होणारा लेखनातील घोटाळाही आपोआप संपला. ‘हासणे’ हे दीर्घ रूप मात्र कवितेत व काही बोलींत अजून भेटते.

‘स्मि’ धातूचे कुळ

‘स्मित’ हा शब्द ‘स्मि’ या वेगळ्या धातूपासून बनला आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात या धातूचा अर्थ ‘थोडेसे हसणे’ असा दिला आहे. म्हणजे संस्कृत वैयाकरणांनीही स्मिताची ओळख हसण्याच्या मापानेच करून दिली. अन्यत्रही हीच रीत दिसते. फ्रेंच भाषेतील ‘सूरीर’ या शब्दाची फोड ‘हसण्याच्या खालचे’ अशी होते, तर जर्मन भाषेतील ‘लेखेल्न’ हे हसण्याच्या क्रियापदाचे लघुत्वदर्शक रूप आहे. मराठी माणूस ‘मंद हसला’, ‘किंचित हसला’ असे म्हणतो तेव्हा तोही याच वाटेने जातो.

‘स्मि’ हा धातू अतिशय प्राचीन आहे. ऋग्वेदात उषा आणि वीज यांच्या वर्णनांत त्याची रूपे येतात. इंडो-युरोपीय भाषाकुलात त्याचे आप्त दूरवर पसरलेले आहेत. इंग्रजी ‘स्माईल’ आणि रशियन ‘स्मेख’ (हशा) हे त्याच मुळाचे मानले जातात. लॅटिनमधील ‘मीरुस’ म्हणजे आश्चर्यकारक हा शब्दही याच कुळातील आहे. इंग्रजीतील ‘मिरॅकल’, ‘अॅडमायर’ आणि ‘मिरर’ हे शब्द लॅटिनच्या मार्गाने तेथूनच आले. हसणे आणि नवल वाटणे हे दोन अर्थ मुळातच एकमेकांना लागून होते, असे यावरून दिसते. संस्कृतात याचा पुरावा शोधावा लागत नाही, कारण ‘विस्मय’ आणि ‘विस्मित’ हे शब्द ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘स्मि’पासूनच बनले आहेत. ‘स्मय’ या शब्दाला तर आश्चर्य आणि गर्व असे दोन्ही अर्थ आहेत. नवलाने उघडलेला चेहरा आणि तोऱ्याने हसणारा चेहरा भाषेने एकाच घरात ठेवले आहेत.

या धातूची परंपरागत रूपे प्राकृतात होती. ‘विस्मय’चे ‘विम्हय’ झाले, ते ज्या नियमाने ‘ग्रीष्म’चे ‘गिम्ह’ झाले त्याच नियमाने. पुढे ‘अम्हे’वरून मराठीला ‘आम्ही’ मिळाले, तसे ‘विम्हय’वरून काही मिळाले नाही. बोलीत या धातूचे तद्भव रूप प्रचारात राहिलेले नाही. ‘स्मित’, ‘सस्मित’, ‘स्मितवदन’, ‘विस्मय’ हे सर्व तत्सम शब्द विद्वानांच्या लेखणीतून पुन्हा मराठीत आले. एखादी आजी नातवाला ‘जरा स्मित कर’ असे म्हणत नाही, याचे कारण येथे सापडते.

विद्यार्थ्यांच्या लेखनात या कुळाविषयी काही गैरसमज वरचेवर दिसतात. ‘अस्मिता’ हा शब्द ‘स्मिता’च्या आधी नकारार्थी ‘अ’ लावून झालेला नाही. ‘अस्मि’ (मी आहे) या क्रियापदाला भाववाचक ‘ता’ लागून तो बनला आहे. पातंजल योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे. आधुनिक मराठीत त्याला स्वत्वाचा अभिमान असा बहुधा गौरवाचा अर्थ आला. त्याचप्रमाणे ‘विस्मरण’ हे ‘स्मृ’ धातूपासून येते, त्याचा ‘विस्मया’शी संबंध नाही. ‘सुहासिनी’ म्हणजे गोड हसणारी, तर ‘सुवासिनी’ म्हणजे सौभाग्यवती स्त्री. लग्नपत्रिकेत किंवा हळदीकुंकवाच्या आमंत्रणात या दोहोंची गल्लत झालेली पाहायला मिळते.

हसण्याच्या पायऱ्या

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विवेचन आहे. तेथे हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, विहसित व उपहसित हे मध्यम पात्रांचे, तर अपहसित व अतिहसित हे अधम पात्रांचे मानले आहेत. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. हसितात मुख व नेत्र फुलतात आणि दात थोडेसे दिसतात. विहसितात मधुर आवाज येतो. उपहसितात नाक फुगते, नजर वाकडी होते. अपहसित अवेळी येते, त्यात डोळ्यांत पाणी उभे राहते आणि खांदे व मस्तक हलू लागतात. अतिहसितात माणूस मोठा आवाज करीत, कुशी हातांनी दाबून धरीत हसतो.

ही विभागणी नटांसाठी आहे, नीतिशास्त्रासाठी नाही. तरीही उत्तम, मध्यम, अधम ही उतरंड आज वाचताना खटकल्याशिवाय राहत नाही. पोट धरून हसण्याचा अधिकार केवळ अधमांना असेल तर तो दर्जा पत्करायला कोणाचीही हरकत नसावी. या वर्णनाचे खरे मोल वेगळे आहे. येथे स्मित आणि हसित यांच्यामधील सीमा दातांवरून आखलेली आहे, आणि दातांची ही खूण मराठीने आपल्या वाक्प्रचारांत जपली आहे. अनाठायी हसणाऱ्याला ‘दात काय काढतोस?’ असे दरडावतात, निर्लज्जपणे हसणारा ‘दात विचकतो’. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण टवाळखोरांची पर्वा करू नये असे सांगते; हसणाऱ्याच्या हाती दात दाखवण्यापलीकडे काही लागत नाही, असा तिचा भाव आहे. याउलट ‘गालातल्या गालात हसणे’ हा भरताने वर्णिलेल्या स्मिताचा जणू देशी पर्याय आहे. त्यातही दात नाहीत, आवाज नाही, हालचाल काय ती गालांची. ‘स्मित’ या तत्सम शब्दासाठी अस्सल मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो या तीन शब्दांच्या वाक्प्रचारात आहे. मात्र त्याला किंचित लपवाछपवीची आणि खट्याळपणाची छटा असते, ती ‘स्मिता’ला नाही.

दात झाकून हसण्याची अपेक्षा स्त्रियांकडून अधिक केली गेली. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात कुलवधूंच्या वागण्याची लक्षणे सांगणारी एक गाथा आहे. दात न दिसू देता हसणे हे तिने त्यांत गणले आहे. मोठ्याने हसणाऱ्या मुलीला ‘खिदळू नकोस’ म्हणून गप्प करण्याची घरगुती रीत पाहिली म्हणजे ही अपेक्षा किती टिकाऊ निघाली हे ध्यानात येते. ‘खिदळणे’ हे क्रियापद मुलग्यांच्या बाबतीत क्वचितच ऐकू येते.

संस्कृत कवींनी भरताची व्याख्या काटेकोरपणे पाळली असे नाही. हास्याचा रंग पांढरा असा कविसंकेत आहे, आणि नाट्यशास्त्रातही हास्यरसाचा वर्ण शुभ्र सांगितला आहे. ‘कुमारसंभवा’त कालिदासाने पार्वतीच्या तांबड्या ओठांवर पसरणाऱ्या शुभ्र स्मिताचे वर्णन केले आहे, म्हणजे तेथे स्मितातही दातांची कांती आलीच. ‘मेघदूता’त बर्फाच्छादित कैलास हा शंकराच्या साचत गेलेल्या अट्टहासासारखा दिसतो.

या ‘अट्टहास’ शब्दाचे मराठीत वेगळेच झाले. संस्कृतात व हिंदीत त्याचा अर्थ मोठ्याने गडगडाटी हसणे असाच आहे. मराठीत तो अर्थ पुस्तकांपुरता राहिला आणि ‘अट्टहास’ किंवा ‘अट्टाहास’ म्हणजे हट्ट, टोकाचा आग्रह असा अर्थ प्रबळ झाला. तुकारामांच्या एका सर्वपरिचित अभंगात तो याच अर्थाने येतो. त्यामुळे हिंदी मजकुराचे मराठी भाषांतर करताना हा शब्द तसाच ठेवल्यास खदाखदा हसणारा राक्षस मराठीत नुसता हट्टी ठरतो.

वाक्यातील उपयोग

‘हसणे’ हे अकर्मक क्रियापद आहे, म्हणून भूतकाळात ‘ती हसली’ असे होते, ‘तिने हसले’ असे होत नाही. ज्याच्या संदर्भात हसणे घडते त्याला कोणता प्रत्यय किंवा अव्यय लागते यावर मात्र संपूर्ण अर्थ अवलंबून असतो. ‘ती मला हसली’ म्हणजे तिने माझी टवाळी केली. ‘ती माझ्याकडे पाहून हसली’ म्हणजे बहुधा तिने ओळख दाखवली. ‘ती माझ्याशी हसली’ यात मोकळीक आहे, ‘माझ्या बोलण्यावर हसली’ यात विनोदाला मिळालेली दाद किंवा अविश्वास आहे, तर ‘माझ्यावर हसली’ हे हिंदीच्या वळणाचे वाटते. ‘ला’ प्रत्ययाचा हा बोचरा अर्थ जुना आहे. संस्कृतातही ‘हस्’ धातूला द्वितीयेतील कर्म जोडले की उपहासाचा अर्थ निघतो. ‘आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला’ ही म्हण याच रचनेवर उभी आहे.

शाळेतील तक्रारींचा अनुभव असलेल्या कोणालाही हा भेद पुस्तकी वाटणार नाही. ‘बाई, तो मला हसला’ असे सांगणाऱ्या मुलाला ‘हसला तर काय बिघडले?’ असे उत्तर देणे म्हणजे त्याच्या वाक्यातील ‘ला’ न ऐकणे होय. ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याला हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. तो मैत्रीने हसलेल्या वर्गमित्राविषयीही ‘मला हसला’ असेच बोलून जातो आणि विनाकारण भांडण उभे राहते. व्याकरणाच्या पुस्तकांत विभक्तीचे कारकार्थ सांगताना ‘दिला’, ‘मारले’ यांची उदाहरणे भरपूर असतात. हे उदाहरण त्यांच्या शेजारी असायला हवे.

तोच ‘ला’ प्रत्यय ‘मला हसू आले’ यात पूर्णपणे निरुपद्रवी आहे, कारण तेथे तो हसणाऱ्यालाच लागला आहे.

‘हसवणे’ या रूपातही दोन अर्थ दडलेले आहेत. ‘त्याने मला हसवले’ हे प्रयोजक क्रियापद झाले. ‘पोटाला टाके असल्यामुळे मला हसवत नाही’ यात मात्र हसणे जमत नाही असा अर्थ असून ते शक्य क्रियापद आहे.

भाषांतरातील अडचण

हसणे व स्मित यांच्यातील सीमा मराठीत सैल असल्यामुळे भाषांतरकाराला पदोपदी निवड करावी लागते. इंग्रजी कादंबरीतील पात्र दर पानावर स्माईल करते. मराठीत प्रत्येक वेळी ‘त्याने स्मित केले’ असे लिहिल्यास पात्र पौराणिक नाटकातले वाटू लागते, आणि ‘तो हसला’ असे लिहिल्यास गंभीर प्रसंगात आवाज ऐकू आल्याचा भास होतो. कसलेले भाषांतरकार ‘त्याच्या ओठांवर हसू उमटले’, ‘तिचा चेहरा खुलला’, ‘तो नुसताच हसला’ अशा रचनांनी वाट काढतात. ‘नुसताच हसला’ यात उत्तर देण्याचे टाळले हाही अर्थ येतो, म्हणून ती रचना सर्वत्र चालत नाही.

संस्कृतातून मराठीत येतानाही हा प्रश्न सुटत नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दहाव्या श्लोकात शोकाकुल अर्जुनाशी बोलू लागलेल्या श्रीकृष्णासाठी ‘प्रहसन्निव’ असा शब्द आहे. त्याचा शब्दार्थ ‘जणू हसत’ असा होतो. येथे ‘हसत’ म्हटले तर दोन्ही सैन्यांच्या मध्ये खचून बसलेल्या मित्राची थट्टा केल्यासारखे होते; ‘स्मित करीत’ म्हटले तर ‘हस्’ धातू सोडून ‘स्मि’चा आधार घ्यावा लागतो; आणि ‘इव’ म्हणजे ‘जणू’ हा शब्द गाळला तर मूळ कवीने राखलेला संयम जातो. ‘हसल्यासारखे करून’ हे शब्दशः जवळचे असले तरी मराठीत त्याला खोटेपणाचा वास येतो. वाल्मीकिरामायणात रामासाठी आलेले ‘स्मितपूर्वाभिभाषी’ हे विशेषण मात्र असा पेच निर्माण करीत नाही. समोरच्याने बोलण्याची वाट न पाहता, आधी स्मित करून आपणच बोलणारा, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

‘स्मितहास्य’ या जोडशब्दाला काही जण द्विरुक्ती म्हणून नावे ठेवतात. परंतु मराठीत ‘हास्य’ हा शब्द मंद हसण्यापासून गडगडाटापर्यंत सर्वांना व्यापतो, तेव्हा त्यातील एक प्रकार वेगळा काढण्यासाठी हा जोडशब्द उपयोगी पडतो.

संबंधित शब्द व छटा

‘हसे’ हे नाम आज मुख्यतः फजितीच्या अर्थाने उरले आहे, उदाहरणार्थ ‘हसे होणे’, ‘स्वतःचे हसे करून घेणे’. ‘हशा’ हा पुल्लिंगी शब्द समुदायाच्या हसण्यासाठी राखलेला आहे. एकट्या माणसाचा हशा होत नाही. तो सभेत पिकतो. छापील भाषणांत वक्त्याच्या वाक्यापुढे कंसात ‘हशा’ किंवा ‘हशा व टाळ्या’ असे नोंदवण्याची पद्धत मराठी वृत्तपत्रांनी दीर्घकाळ पाळली. ‘हसरा’ हे विशेषण स्वभाव दाखवते, ‘हसतमुख’ हे चेहरा. ‘हसण्यावारी नेणे’ म्हणजे गंभीर गोष्टीला किंमत न देणे.

क्रियापद एकच असल्याची उणीव मराठीने अनुकरणवाचक शब्दांनी भरून काढली आहे. तान्हे मूल खुदकन हसते, मुले खिदीखिदी आणि टवाळ माणसे फिदीफिदी हसतात. मोकळ्या मनाचा माणूस खळखळून हसतो, बेफिकीर माणूस खदाखदा हसतो, आणि फारच झाले तर हसून हसून मुरकुंडी वळते. अपराधी माणसाचे हसू कसनुसे असते, दात नसलेल्या बाळाचे बोळके हसू पाहून मोठ्यांनाही हसू येते. छद्मी, कुत्सित, मिश्कील ही विशेषणे हसण्याखेरीज बोलण्याला आणि नजरेलाही लागतात. ‘कसनुसे’ हसणाऱ्याला नेमके काय वाटते हे एका शब्दात सांगणारा दुसरा पर्याय सापडणे कठीण आहे.

अलीकडील वापर

छायाचित्र काढताना ‘जरा हसा’ असे सांगण्याची जागा शहरांत ‘स्माईल द्या’ या मिश्र प्रयोगाने बरीचशी घेतली आहे. इंग्रजी शब्द येथे केवळ फॅशन म्हणून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘हसा’ म्हटल्यावर दात दाखवायचे की नाही हे कळत नाही, ‘स्मित करा’ म्हटल्यावर समोरचा खरोखरच हसू लागतो. भ्रमणध्वनीवरील संदेशांत वापरल्या जाणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या चिन्हांना ‘स्मायली’ म्हणतात. त्यांतील ओठ मिटलेला चेहरा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा ही चिन्हे भरताच्या सहा प्रकारांपैकी पहिल्या व पाचव्याच्या जवळ जातात.

डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईत सुरू केलेल्या उपक्रमातून ‘हास्यक्लब’ हा शब्द मराठीत रूढ झाला. सकाळी बागेत हात वर करून एकत्र हसणाऱ्यांचे ते हसणे स्मितही नव्हे आणि सभेतला हशाही नव्हे. विनोदावाचून, व्यायाम म्हणून केलेल्या या हसण्यासाठी ‘हसू येणे’ ही रचना चालत नाही, कारण ते येत नाही, आणले जाते. त्या संदर्भात ‘हास्य करणे’ हाच प्रयोग ऐकू येतो.

व्यक्तिनामांत स्मिता, सुस्मिता, सुहास, सुहासिनी ही नावे प्रचलित आहेत. यांपैकी ‘सुहास’ हे नाव मुलग्यांना आणि मुलींनाही ठेवलेले आढळते.